मुंबई ते लंडन : अंतर एक, वेळा अनेक

पुणं किती लांब आहे, असं मुंबईत कुणाला विचारलं तर ‘दीडशे किलोमीटर’ असं उत्तर क्वचितच मिळतं. ‘तीन-साडेतीन तास’ असंच मिळतं आणि त्याला ‘घाटात ट्रॅफिक नसला तर’ अशी पुरवणीही जोडलेली असते. आपल्याकडे अंतर पूर्वापार वेळेतच मोजलं जातं. घटकाभराची वाट, दिवसभराची मजल असे शब्द भाषेत उगाच आलेले नाहीत.

विमानप्रवासाची गोष्ट निघाली की मात्र आपण उलट्या बाजूनं सुरुवात करतो. आधी किलोमीटर पाहतो आणि त्यावरून वेळ काढायला जातो. मुंबई ते लंडन हे अंतर आहे सुमारे ७,२०० किलोमीटर. मोठ्या जेट विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास. भागाकार केला की आठ तास येतात. मग तिकिटावर नजर टाकावी, तर जाताना साडेनऊ ते साडेदहा तास आणि येताना नऊच्या आसपास. रस्ता तोच, विमान तेच, मग येता-जाताना फरक का? आणि हे वरचे दीड-दोन तास जातात कुठे? ज्यांची मुलं-नातवंडं तिकडे आहेत, त्यांना हा प्रश्न दर खेपेला पडतो. म्हणून आज या एकाच प्रवासाचा हिशेब जरा खोलात जाऊन मांडू.

प्रथम ते ७,२०० किलोमीटर कुठून आले ते पाहू. घरात मुलांचा पृथ्वीचा गोल असेल तर तो घ्या आणि एक दोरा घ्या. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर आणि दुसरं लंडनवर धरून तो ताणा. दोरा ज्या मार्गानं घट्ट बसतो तो सर्वांत जवळचा मार्ग. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारली, तर मात्र वेगळाच मार्ग दिसतो. ती रेघ अरबी समुद्रावरून होर्मुझची सामुद्रधुनी, इराक, तुर्कस्तान, सर्बिया अशी जाते. मर्केटर या नकाशाकारानं १५६९ साली तयार केलेल्या पद्धतीच्या नकाशावर ही रेघ सरळ दिसते खरी, पण ती सुमारे दोनशे किलोमीटरनं लांबची आहे. गोल वस्तू सपाट कागदावर पसरली की असं होणारच. संत्र्याचं साल टेबलावर दाबून बसवून पाहा, म्हणजे नकाशा काढणाऱ्यांची अडचण लक्षात येईल.

गोलावरचा दोरा कुठून जातो, ते पाहण्यासारखं आहे. मुंबईहून तो वायव्येला निघतो, कच्छ ओलांडतो आणि जवळजवळ थेट कराचीवरून जातो. पुढे बलुचिस्तान, मग इराणचं वाळवंट, कास्पियन समुद्राची दक्षिणेकडची बाजू आणि अझरबैजान. बरोबर निम्मी वाट संपते ती जॉर्जियाच्या राजधानीच्या, म्हणजे तिबिलिसीच्या, जरा दक्षिणेला. तिथून काळा समुद्र, क्रिमिया, युक्रेन, दक्षिण पोलंड आणि जर्मनी. कोलोनच्या आसपासून बेल्जियम ओलांडला की समोर इंग्लंड. विमान अकरा किलोमीटर उंचीवरून उडतं, त्यामुळे अंतर खूप वाढत असेल, असा एक समज आहे. प्रत्यक्षात त्या उंचीमुळे साऱ्या वाटेत मिळून बारा-तेरा किलोमीटरच वाढतात.

आता वरची नावं पुन्हा एकदा वाचा. कराची, इराण, कॉकेशस, क्रिमिया, युक्रेन. गेल्या काही वर्षांत वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर जी नावं सतत आली, त्यांतली निम्मी या एका दोऱ्यात ओवलेली आहेत. मुंबई-लंडनचा सर्वांत जवळचा रस्ता नेमका जगातल्या भांडणांवरून जातो, आणि आपल्या हिशेबातली पहिली गळती इथेच होते.

समुद्रात किनाऱ्यापासून ठरावीक अंतर सोडलं की पाणी कुणाच्याच मालकीचं नसतं. समुद्रावरच्या हवेचंही तसंच. पण जमिनीवरची हवा मात्र त्या त्या देशाची असते. १९४४ साली शिकागोत जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यानं हे तत्त्व पक्कं केलं. दुसऱ्या देशावरून नियमित सेवेचं विमान न्यायचं तर परवानगी लागते, आणि त्यासाठी शुल्कही मोजावं लागतं. बहुतेक ठिकाणी ते विमानाचं वजन आणि कापलेलं अंतर यांवर ठरतं. आपल्याकडच्या टोलनाक्यासारखंच हे, फक्त इथे गाडी थांबवत नाहीत, बिल नंतर पाठवतात. देशाचं बिनसलं की मात्र नाकाच बंद होतो.

बालाकोटच्या हल्ल्यानंतर फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्ताननं आपलं आकाश बंद केलं, ते पूर्णपणे खुलं झालं १६ जुलैला. पहलगामच्या हत्याकांडानंतर २४ एप्रिल २०२५ पासून भारतीय विमानांना पुन्हा बंदी झाली, भारतानंही तशीच बंदी घातली आणि दोन्हीकडची मुदत महिन्या-महिन्यानं वाढत गेली. याचा खरा फटका दिल्लीला बसतो. तिथून पश्चिमेला निघालं की लगेच पाकिस्तान लागतो, त्यामुळे आधी दक्षिणेला गुजरातकडे उतरून मग समुद्रावर जावं लागतं. मुंबईचं नशीब थोडं बरं. तिच्या दारातच अरबी समुद्र आहे, कराचीला वळसा घालायला फार लांब जावं लागत नाही.

युक्रेनची गोष्ट वेगळी. १७ जुलै २०१४ रोजी ॲमस्टरडॅमहून क्वालालंपूरला निघालेलं मलेशियाचं विमान पूर्व युक्रेनवर क्षेपणास्त्रानं पाडलं गेलं, २९८ माणसं गेली. त्या दिवशी त्या उंचीवरचं आकाश अधिकृतपणे खुलं होतं. नंतर २४ फेब्रुवारी २०२२ ला युद्ध पेटलं आणि युक्रेनचं सगळं आकाश नागरी विमानांना बंद झालं. इराणमध्ये ८ जानेवारी २०२० रोजी तेहरानहून उडालेलं युक्रेनचं प्रवासी विमान इराणच्याच क्षेपणास्त्रांनी पाडलं, १७६ मृत्यू झाले. २०२४ च्या नाताळात अझरबैजानच्या विमानाला रशियात ग्रोझनीजवळ तडाखा बसला. ते कसंबसं कास्पियन समुद्र ओलांडून कझाकस्तानात अक्ताऊजवळ कोसळलं आणि ६७ पैकी ३८ जण दगावले. मार्ग आखणारी माणसं लांबचा वळसा का पत्करतात, हे यावरून कळावं. अर्धा तास उशीर झाला म्हणून आपण कुरकुरतो, पण त्या अर्ध्या तासाला कधी कधी असा अर्थ असतो.

१३ जून २०२५ च्या पहाटे तर हे मुंबईच्याच वाट्याला आलं. एअर इंडियाचं मुंबई-लंडन विमान वाटेत असतानाच इस्रायलनं इराणवर हल्ला केला आणि इराणचं आकाश बंद झालं. विमान मागे वळलं आणि काही तासांनी परत मुंबईलाच उतरलं. आत बसलेल्या माणसांनी काही तास प्रवास केला आणि पोचली मुंबईहून मुंबईला.

थोडक्यात, ७,२०० किलोमीटर हा आकडा भूगोलाचा आहे. प्रत्यक्ष उड्डाण सहज साडेसात हजारांच्या पुढे जातं, आणि आजचा मार्ग कालचाच असेल असं नाही. गंमत अशी, की काळा समुद्र आणि युक्रेन टाळून विमानं बरेचदा तुर्कस्तान आणि बाल्कनवरून नेली जातात. म्हणजे सपाट नकाशावरची जी ‘चुकीची’ रेघ आपण मघाशी बाजूला ठेवली, तिच्याच आसपासून.

आता दुसरा प्रश्न, येता-जाताना फरक का? पृथ्वी फिरते म्हणून, असं उत्तर बरेच शिकलेले लोकही देतात. ते खरं नाही. पृथ्वी फिरते तेव्हा तिच्यावरची हवाही तिच्याबरोबर फिरत असते. धावत्या लोकलमध्ये तुम्ही उडी मारली तर मागच्या डब्यात जाऊन पडत नाही, तसंच हे. फरक पडतो तो वाऱ्यानं. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वाऱ्यांचे पट्टे आहेत, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हे वारे पहिल्यांदा पद्धतशीर मोजले ते वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञानं, १९२० च्या दशकात. साऱ्या जगाला कळावं म्हणून त्यानं आपला अहवाल एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत छापला, आणि नेमका त्यामुळेच तो फारसा कुणी वाचला नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानवर गेलेल्या अमेरिकी वैमानिकांना या वाऱ्यांचा हिसका बसला, तेव्हा कुठे जगाचं लक्ष गेलं.

हिवाळ्यात या वाऱ्याचा एक पट्टा उत्तर भारत आणि इराणच्या बाजूला ऐन जोरात असतो. ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर वेग ही तिथे नवलाची गोष्ट नाही. लंडनला जाणारं विमान त्याच्या तोंडावर चालतं, येणारं त्याच्या पाठीवर बसून येतं. साऱ्या वाटेचा सरासरी वारा ताशी ८० किलोमीटर धरू. जाताना जमिनीच्या हिशेबात वेग उरतो ८२०, म्हणजे सुमारे पावणेनऊ तास लागतात. येताना तो होतो ९८०, म्हणजे सात तास वीस मिनिटं. दोन्हींची बेरीज सोळा तासांपेक्षा सात-आठ मिनिटांनी जास्तच भरते. जाताना गेलेलं येताना पुरतं भरून निघत नाही, कारण उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ असतं आणि सुलट्या वाऱ्यात कमी. नदीला पूर असताना पलीकडच्या गावी वरच्या अंगाला होडी नेऊन परत आणणाऱ्या नावाड्याला हे गणित न शिकताही ठाऊक असतं. उन्हाळ्यात हा पट्टा मंदावतो आणि हिमालयाच्या उत्तरेला सरकतो, तेव्हा फरक कमी होतो. पुढच्या खेपेला समोरच्या पडद्यावर जमिनीवरचा वेग दाखवतात तो पाहत राहा, वाऱ्याचा सगळा कारभार त्यात दिसतो.

उरलेला वेळ जमिनीवर आणि जमिनीजवळ जातो. तिकिटावर छापलेली वेळ ही उडण्याची आणि टेकण्याची नसते. दार बंद करून विमान जागचं हललं की घड्याळ सुरू होतं, आणि पलीकडे जागेवर येऊन थांबलं की बंद होतं. मुंबईच्या सांताक्रूझ-सहारच्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. म्हणजे एकावेळी जेमतेम एकीचाच उपयोग. मध्यरात्रीनंतर युरोप-अमेरिकेची विमानं रांगेत लागली की वीस मिनिटं सहज जातात. तिकडे हीथ्रोला पहाटे फार लवकर उतरता येत नाही, कारण झोपलेल्या वस्तीसाठी रात्रीच्या विमानांवर तिथे कडक मर्यादा आहे. सकाळची गर्दी असली की विमानाला लंडनच्या बाहेर ठरवून दिलेल्या चार जागांपैकी एका जागी घिरट्या घालत थांबवतात. खाली घरं दिसत असतात, प्रवासी पट्टे आवळून बसलेले असतात आणि विमान आपलं गोल फिरत असतं. हा वेळ कंपन्या आधीच धरून चालतात. म्हणून एखाद्या दिवशी रांग नसली, वारा पडलेला असला, की विमान ‘वेळेआधी’ पोचतं आणि आपण खूश होतो.

वळसा आणि वारा यांचा जीव शेवटी इंधनात असतो. या मार्गावरचं आजचं दोन इंजिनांचं मोठं विमान तासाला साधारण पाच टन इंधन जाळतं. अर्धा तास वाढला की अडीच टन आले. शिवाय ते अडीच टन वाहून नेण्यासाठी आणखी थोडं जळतं. हीथ्रो बंद पडलं तर दुसऱ्या विमानतळावर जाण्यापुरतं आणि त्यावर आणखी अर्धा तास घिरट्या घालण्यापुरतं इंधन पोटात ठेवावंच लागतं, तसा आंतरराष्ट्रीय नियम आहे. तिकिटाची किंमत बातम्यांबरोबर वर-खाली का होते, त्याचं एक कारण हे.

हे सगळं आजचं झालं. जुन्या काळाकडे एक नजर टाकली तर आपल्या तक्रारी जरा लहान वाटू लागतात. १८६९ साली सुएझ कालवा खुला झाला आणि भारत-युरोप सागरी अंतर सुमारे सात हजार किलोमीटरनं कमी झालं. तरी बोटीनं विलायतेला जायचं म्हणजे दोन-तीन आठवडे लागत. १९२९ मध्ये इंपीरियल एअरवेजनं लंडन-कराची सेवा सुरू केली, तिला आठवडा लागे आणि मधला एक टप्पा चक्क आगगाडीचा होता. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन छोटं विमान जुहूला उतरवलं, ते विलायतेहून आलेल्या टपालाचंच पुढचं टोक. स्वतंत्र भारताचं पहिलं लंडन-विमान ८ जून १९४८ रोजी मुंबईहून निघालं. ‘मलबार प्रिन्सेस’ त्याचं नाव. कैरो आणि जिनिव्हा असे थांबे घेत ते १० जूनला लंडनला पोचलं.

हे थांबे हौसेचे नव्हते, त्या विमानांना एका दमात एवढं अंतर कापताच येत नव्हतं. आणि जिनिव्हाला उतरायचं म्हणजे आल्प्सच्या कुशीत शिरायचं. हीच ‘मलबार प्रिन्सेस’ ३ नोव्हेंबर १९५० ला जिनिव्हाकडे येताना माँ ब्लाँ पर्वतावर आदळली, ४८ जण गेले. २४ जानेवारी १९६६ ला त्याच पर्वतावर, त्याच थांब्यासाठी खाली येताना, एअर इंडियाचं ‘कांचनजंगा’ हे बोईंग ७०७ आदळलं. त्यातल्या ११७ जणांत डॉ. होमी भाभा होते. आज मुंबई-लंडन विमान मध्ये कुठेही न उतरता जातं, यात आपल्याला फक्त सोय दिसते. मधला थांबा गेला त्याबरोबर त्या थांब्याचा धोकाही गेला, हे सहसा कुणी मनात आणत नाही.

थांब्यावरून आठवलं. तिकीट काढताना बरेच जण विचारतात, दुबईवरून गेलं तर केवढा वळसा पडतो? मुंबई-दुबई सुमारे १,९३० किलोमीटर आणि दुबई-लंडन सुमारे ५,५००. बेरीज ७,४३०. म्हणजे वळसा जेमतेम सव्वादोनशे किलोमीटरचा, साधारण पंधरा मिनिटांचा. तरी प्रवास बारा ते सोळा तासांचा होतो, कारण मधे दोन-तीन किंवा पाच-सहा तास बसून राहावं लागतं. आखाती कंपन्यांचा सारा व्यवसाय त्यांच्या शहरांच्या या जागेवर उभा आहे. पैसे वाचतात, हे खरं. पण सत्तरीच्या आई-वडिलांना एकटं पाठवायचं असेल, तर माझं मत स्पष्ट आहे. थोडे जास्त मोजा आणि थेट विमान घ्या. आकाशातल्या नऊ तासांपेक्षा अनोळखी विमानतळावर पहाटे गेट शोधणं त्यांना जास्त दमवतं.

राहिला घड्याळाचा घोळ. तिकिटावर निघण्याची वेळ निघाल्या गावची असते आणि पोचण्याची वेळ पोचल्या गावची. हिवाळ्यात मुंबई लंडनच्या साडेपाच तास पुढे असते, उन्हाळ्यात साडेचार. मार्चच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनमधली घड्याळं तासभर पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे घेतात. आपली घड्याळं जागची हलत नाहीत. जानेवारीत रात्री दोनला निघालेलं विमान सकाळी सहाला पोचतं असं तिकिटावर दिसतं आणि चार तासांत लंडन, असं वाटतं. त्यात साडेपाच मिळवा, साडेनऊ झाले. येताना रात्री नऊला निघून दुसऱ्या दिवशी सव्वाअकराला मुंबई, म्हणजे वरवर सव्वाचौदा तास. त्यातून साडेपाच वजा करा, पावणेनऊ उरले. खरं तर सूर्याच्या हिशेबात मुंबई आणि लंडन यांत पाच तासांपेक्षा सात-आठ मिनिटांचं कमीच अंतर आहे. देशाची एकच वेळ असावी म्हणून आपण मिर्झापूरजवळून जाणारं साडेब्याऐंशी अंशांचं रेखावृत्त धरलं, त्यामुळे मुंबईच्या वाट्याला चाळीसएक मिनिटं जास्तीची आली.

हा हिशेब एरवी गमतीचा. पण कधी तो अचानक अंगावर येतो. समजा, जानेवारीतल्या एका शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता लंडनमधल्या मुलाला कोल्हापूरहून फोन गेला, वडिलांना अतिदक्षता विभागात हलवलंय, निघ. इकडे तेव्हा रात्रीचे साडेअकरा झालेले असतात. त्यानं मिळेल ते तिकीट काढून साडेसातपर्यंत हीथ्रो गाठलं आणि साडेनऊचं विमान मिळालं, असं धरू. नऊ तासांनी तो शनिवारी दुपारी बाराला मुंबईत उतरेल. पासपोर्टची रांग आणि बॅग यांतून दीडला बाहेर. तिथून कोल्हापूर रस्त्यानं पावणेचारशे-चारशे किलोमीटर, गाडीनं आठ तास, म्हणजे रात्रीचे साडेनऊ. सगळं मनासारखं जमलं तरी फोनपासून खाटेपर्यंत बावीस तास, त्यांतले आकाशातले फक्त नऊ. म्हणून फोन करणाऱ्यांनी ‘उद्या सकाळपर्यंत बघू’ म्हणत रात्र घालवू नये. त्या रात्रीचं विमान चुकलं तर पुढची सगळी वेळ त्याबरोबर सरकते. आणि मुलाचा पासपोर्ट ब्रिटिश झालेला असेल, तर ओसीआय कार्ड कपाटात नेमकं कुठे ठेवलंय ते शोधण्यात जाणारा वेळ या बावीस तासांत धरलेला नाही.